'युद्ध आणि शांती' संगीतात मांडायची तर : प्रोकोफिएव्हचा ऑपेरा की मॅलॉयचे म्युझिकल?

टॉलस्टॉयची ही कादंबरी संगीतासह रंगमंचावर आणू पाहणाऱ्या संस्थेपुढे दोन समर्थ पर्याय आहेत. सेर्गेई प्रोकोफिएव्हने १९४१ मध्ये, जर्मन फौजा सोव्हिएत भूमीत शिरल्या त्याच वर्षी, तेरा प्रवेशांचा ऑपेरा रचायला घेतला. १९५३ मध्ये त्याचे निधन झाले तोवर ते तेराही प्रवेश सलग रंगलेले त्याला पाहायला मिळाले नाहीत. दुसरीकडे डेव्ह मॅलॉयचे 'नताशा, पिएर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ १८१२' हे म्युझिकल २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्स नोव्हा या छोट्या नाट्यगृहात प्रथम सादर झाले आणि २०१६ मध्ये ब्रॉडवेवर पोहोचले.

ऑपेऱ्यात सात प्रवेश शांततेचे, सहा युद्धाचे, आणि त्यांत रशियन सेनापती कुतुझोव्ह व नेपोलियन दोघेही गातात. एवढ्या भूमिका, भरभक्कम कोरस आणि पूर्ण वाद्यवृंद हाताशी नसेल, तर पहिले सात प्रवेशच करण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. कारण युद्धात जखमी होऊन मरणासन्न झालेल्या, नताशाचा एकेकाळचा वाग्दत्त असलेल्या आंद्रेईच्या ग्लानीत पडद्यामागून कोरस 'पिती-पिती' असे अर्थहीन अक्षर घोळवत राहतो तो बाराव्या प्रवेशातील क्षण गेला, तर या कृतीचा प्राणच गेला.

मॅलॉयने मात्र दुसऱ्या खंडाचा पाचवा भाग, म्हणजे सुमारे सत्तर पानेच घेतली. पात्रे कादंबरीतील निवेदन स्वतःविषयीच, तृतीय पुरुषात गातात. प्रेक्षकांमधून फिरणारे नट आणि त्यांच्या हातातली वाद्ये यामुळे अंतर उरत नाही. ब्रॉडवेवरील प्रयोगाला नेपथ्य व प्रकाशयोजनेची टोनी ही अमेरिकन रंगभूमीची मानाची पारितोषिके मिळाली. तरी तसा खर्चिक थाट ही या संहितेची अट नाही, असे मला ठामपणे वाटते.

दोन्हींतला खरा फरक एका वाक्यात ऐकू येतो. मी मी नसतो, जगातला सर्वांत देखणा आणि उत्तम माणूस असतो, मोकळा असतो, तर याच क्षणी गुडघे टेकून तुमचा हात मागितला असता, असे विवाहित पिएर खचलेल्या नताशाला सांगतो. प्रोकोफिएव्हचा पिएर ते गातो. मॅलॉयकडे जवळपास सगळे गायलेले असताना नेमके हेच वाक्य साध्या बोलण्यात येते, आणि सभागृह स्तब्ध होते. मर्यादित साधनांच्या संस्थेने म्हणूनच म्युझिकल निवडावे. मात्र आधी पिएर शोधावा, जो गाऊ शकेल आणि ते एक वाक्य न गाता पेलू शकेल.