आउटलुक २०१० आणि अँड्रॉइड फोन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या कर सल्लागारांच्या आणि वकिलांच्या ऑफिसांत ऑफिस २०१० घातलेला एखादा पीसी हमखास सापडतो. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२० ला संपवला, तरी गाडी चालू आहे. कारण पक्षकारांचे नंबर, जुना पत्रव्यवहार आणि मुदतींच्या तारखा सगळ्या आउटलुकच्या, म्हणजे ऑफिसमधल्या मेल आणि कॅलेंडर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पोटात. नवीन ऑफिस घ्यायचं नाही आणि फोनवर मात्र सगळं दिसायला हवं, अशी ज्यांची अडचण आहे त्यांच्यासाठी हा अनुभव.

जोडणी अशी : विंडोज १०, ऑफिस २०१० (३२ बिट), अँड्रॉइड फोन, मध्ये एक गूगल खातं, आणि दोघांना बांधणारं ‘आउटलुक कॅलडॅव्ह सिंक्रोनायझर’ हे आउटलुकच्या आतच बसणारं फुकट, ओपन सोर्स अ‍ॅड-इन. संपर्क साधारण चौदाशे, नावं देवनागरी, गुजराती आणि इंग्रजी अशी तिन्ही लिप्यांत. निकाल आधीच सांगून टाकतो : संपर्क उत्तम, कॅलेंडर चांगलं पण अधूनमधून नजर ठेवावी लागते, टास्क अर्धवट, पिवळ्या नोट्स अजिबात जात नाहीत.

मुळात अ‍ॅड-इन का लागतं? जीमेल आउटलुकला आयमॅपने, म्हणजे मेल आणण्याच्या नेहमीच्या पद्धतीने, जोडलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. आयमॅपवरून फक्त मेल येतो. संपर्क आणि कॅलेंडर त्या रस्त्याने जातच नाहीत. गूगलचा स्वतःचा ‘कॅलेंडर सिंक’ हा प्रोग्रॅम होता, तो १ ऑगस्ट २०१४ ला बंद पडला. मेल, संपर्क, कॅलेंडर एकत्र नेणाऱ्या एक्स्चेंज अ‍ॅक्टिव्हसिंकने थेट खातं जोडायची सोय आउटलुक २०१३ पासून आली, म्हणजे २०१० वाले तिथेही बाहेरच.

सुरुवात करण्याआधी दोन कामं, आणि ती टाळू नका. आउटलुक पूर्ण बंद करून पीएसटी फाइलची (आउटलुकचा सगळा साठा याच फाइलमध्ये असतो) प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. २०१० मध्ये ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ फोल्डरमध्ये असते. चालू पीएसटी ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून ‘हाच आपला सिंक’ म्हणणारेही भेटतात. उघडी फाइल अर्धी अपलोड झाली की ती बिघडते, मग ‘ऑफिस१४’ फोल्डरमधलं स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन चालवत बसा.

दुसरं काम टाइम झोनचं. पीसी जोडणाऱ्याने विंडोज टाकताना झोन अमेरिकेचा पॅसिफिकच राहू दिलेला असतो आणि घड्याळ हाताने पुढे करून भारतीय वेळ लावलेली असते. पीसीवर कधी काही चुकलेलं दिसत नाही. फोनशी गाठ पडली की बिंग फुटतं : सकाळी ११ ची भेट थंडीच्या दिवसांत फोनवर रात्री १२:३० ला दिसते, उन्हाळ्यात रात्री ११:३० ला, कारण तिकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे जातं. पूर्ण दिवसाच्या नोंदींचे हाल झोन दुरुस्त केल्यावर त्याहून वाईट. १४ जानेवारीची उत्तरायणाची सुट्टी १४ च्या दुपारपासून १५ च्या दुपारपर्यंत पसरते. तरी झोन आधी यूटीसी +५:३०, म्हणजे भारताचा, करा. जुन्या नोंदी तेव्हा पीसीवरही सरकलेल्या दिसतील. त्या तिथेच दुरुस्त करा, सिंक त्यानंतर.

संपर्कांची साफसफाई आउटलुकमध्येच करावी. लँडलाइनचे सात आकडी नंबर वर्षानुवर्षं नुसते लिहिलेले असतात, कारण टेबलावरच्या फोनवरून ते तसेच लागतात. मोबाइलवरून लागणार नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या आधी ०२६५ घाला. मोबाइल नंबर +९१ ने सुरू होऊ द्या. आउटलुकमध्ये ‘मोबाइल’ हा रकाना एकच आहे, फोनवर मात्र एका माणसाचे तीन मोबाइल बसतात. दुसरा नंबर फोनवर ‘मोबाइल’ म्हणून टाकला, तर पीसीवर तो भलत्याच रकान्यात जातो किंवा गळतो. दुसरा नंबर कायम ‘वर्क’ म्हणून टाकायचा, एवढा नियम ऑफिसात सगळ्यांनी पाळला की झालं.

संपर्कांची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल काढून गूगलमध्ये चढवू, असा मोह होतो. नावं इंग्रजीत असतील तर खुशाल करा. २०१० ची सीएसव्ही युनिकोडमध्ये निघत नाही, त्यामुळे ‘जोशी’ आणि गुजरातीतले ‘पटेल’ दोघेही सारखेच प्रश्नचिन्हांची रांग होऊन बाहेर पडतात. उलट्या दिशेला वेगळीच गंमत : फोनमधून सगळे संपर्क एकाच व्हीसीएफ फाइलमध्ये काढले, तर आउटलुक त्यातला पहिलाच माणूस घेतं आणि गप्प बसतं. अ‍ॅड-इनच्या रस्त्याने तिन्ही लिप्या आठ महिन्यांत एकदाही बिघडल्या नाहीत. ते घ्यायला माझ्या मते एवढं एकच कारण पुरे.

अ‍ॅड-इन बसवायला डॉट नेट या विंडोजच्या पूरक भागाच्या ४ च्या पुढच्या आवृत्त्यांपैकी एक लागते. विंडोज १० मध्ये ती असते, विंडोज ७ वर वेगळी टाकावी लागेल. अ‍ॅड-इनची आवृत्ती ताजी घ्या. गूगलने जुना कॉन्टॅक्ट्स एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमना संपर्क देणारा दुवा, जानेवारी २०२२ मध्ये बंद केला, त्यामुळे कुणाच्या पेनड्राइव्हवरच्या जुन्या सेटअपने कॅलेंडर चालेल पण संपर्क येणार नाहीत. गूगलचं लॉगिन ब्राउझरमध्ये उघडतं, म्हणून डिफॉल्ट ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर नसावा.

कॅलेंडर, संपर्क आणि टास्क यांचं एकेक वेगळं प्रोफाइल करायचं. प्रत्येकात दिशा निवडावी लागते, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. ‘रेप्लिकेट’ म्हणजे समोरचं जसं आहे तसं इकडे करणं. गूगलचं खातं नवीन, रिकामं, आणि दिशा सर्व्हरकडून (म्हणजे गूगलकडून) आउटलुककडे रेप्लिकेट ठेवली, तर आउटलुकचं फोल्डरही इमानदारीने रिकामं होतं. सॉफ्टवेअरचा त्यात दोष नाही, सांगितलं तेच त्याने केलं. पहिल्या फेरीला आउटलुककडून सर्व्हरकडे ‘मर्ज’ (इकडचं तिकडे मिळवा, तिकडचं पुसू नका) लावा, गूगलमध्ये संपर्कांचा आकडा जुळला का पाहा, आणि मगच ‘टू-वे’ (दोन्हीकडचे बदल दोन्हीकडे) करा. उलट गूगलच्या बाजूला गडबड झाली तर संपर्क ३० दिवसांपर्यंत मागे नेता येतात, कॅलेंडरची कचरापेटीही तेवढेच दिवस टिकते.

कॅलेंडर मुळात मागचे ६० आणि पुढचे ३६५ दिवस एवढंच जातं. तेवढं पुरतं, वाढवलं तर पहिली फेरी रेंगाळते. निमंत्रितांची नावं पाठवण्याची खूण काढून टाका. नाहीतर जुन्या बैठकीतल्या पक्षकाराला अचानक नवं निमंत्रण जाऊ शकतं, आणि ‘ही कसली मीटिंग?’ म्हणून फोन येतात. आठवणीची घंटा एकाच ठिकाणी ठेवलेली बरी. दोन्हीकडे ठेवली तर दोन्ही एकदम वाजतात आणि माणूस दोन्हीही बंद करतो.

नजर ठेवावी लागते ती पुन्हापुन्हा येणाऱ्या नोंदींवर. जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची ११, ३बी ची २०, तिमाही ३बी भरणाऱ्यांची गुजरातेत २२, अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या चार १५ तारखा, या साध्या मालिका बिनचूक जातात. घोळ अपवादांचा. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, भरायची तारीख दर महिन्याची ७, पण मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत. मालिकेतली एप्रिलची एक नोंद ओढून ३० वर नेली, तर तेवढी नीट सिंक होते. पुढे कधी त्याच मालिकेची वेळ १० वरून १०:३० केली की आउटलुक अपवाद पुसले जातील असा इशारा देतं, आपण ओके दाबतो, आणि ३० एप्रिल मुकाट्याने ७ एप्रिल होते, फोनवरसुद्धा. मुदतवाढीच्या तारखांचंही तसंच. म्हणून अपवाद असलेल्या तारखा मालिकेबाहेर, सुट्या नोंदी म्हणून टाकणंच बरं. शिवाय महिन्याच्या ३१ ला मालिका लावू नका : आउटलुक ३० दिवसांच्या महिन्यात ती शेवटच्या दिवशी धरतं, बाकीच्या बऱ्याच कॅलेंडरांच्या हिशेबात तो महिनाच गळतो. २८ ला लावा.

टास्क गूगल टास्क्समध्ये जातात, पण तिथे या रस्त्याने तारीखच पोचते, वेळ नाही. ‘दुपारी ३ वाजता फोन करणे’ यातले ३ वाटेतच पडतात. वेळेचं काम असेल तर ते कॅलेंडरमध्येच टाका.

गूगलवर पक्षकारांची माहिती ठेवायचीच नाही, असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. त्यांना मायफोनएक्सप्लोरर : पीसीवर एक प्रोग्रॅम, फोनवर त्याचा क्लायंट, यूएसबी किंवा एकाच राउटरच्या वायफायवरून थेट आउटलुकशी सिंक. फोनवर या क्लायंटला बॅटरी बचतीतून वगळा आणि पीसीच्या फायरवॉलमध्ये परवानगी द्या. मात्र दोन्ही मार्ग एकदम नकोत. तोच माणूस केबलने एकदा आणि गूगलवरून एकदा येतो, दोन्ही प्रती पीसीवर परततात आणि चौदाशेचे अठ्ठावीसशे व्हायला दोनच फेऱ्या लागतात.

मेलसाठी जीमेलचा नेहमीचा पासवर्ड आउटलुक २०१० मध्ये चालत नाही. खात्यावर टू-स्टेप चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढा आणि मोकळ्या जागा न ठेवता टाका.

एक दिवस अ‍ॅड-इनचा टॅबच रिबनवरून गायब झालेला दिसेल, बहुधा वीज जाऊन पीसी धाडकन बंद पडल्यानंतर. पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली मॅनेजमध्ये ‘डिसेबल्ड आयटम्स’ निवडा, तिथे ते बसलेलं असतं. एनेबल करून आउटलुक एकदा बंद-चालू केलं की प्रोफाइलं जशीच्या तशी परत येतात.