लॅपटॉपपेक्षा म्हातारी डिस्क

कोल्हापुरात मी घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, पावतीपुस्तकं. गेल्या वर्षी दसऱ्याला सोळा जीबी रॅमचा लॅपटॉप घेतला, तीन वर्षांच्या वॉरंटीसकट. जेमतेम तेरा महिने झाले आणि स्क्रीन लुकलुकायला लागली. झाकण थोडं हलवलं की दिसायचं, सोडलं की अंधार. तुळशीचं लग्न तोंडावर, म्हणजे माझा सीझन सुरू. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर नेऊन दिला. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

काउंटरवरच्या पोरानं जॉबशीट भरली. 'बाहेरून ओरखडे' हे त्यानं न बघताच लिहिलं. आतल्या भागांचे सीरियल नंबर लिहायचा रकाना कोराच सोडला. मी सही केली. "ताई, सात दिवसांत होईल, पार्ट मागवतो."

सात दिवसांनी पार्ट आला नव्हता. दहाव्या दिवशी पार्ट पुण्यात होता. चौदाव्या दिवशी तो चुकीचा आला होता. रोज दुपारी फोन करायचा आणि रोज वेगळ्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. दोन गिऱ्हाइकं हातची गेली. एका मुलीच्या वडिलांना पत्रिका शेजारच्या प्रेसमधून करून दिली, त्यात मला सुटले दोनशे रुपये.

अठराव्या दिवशी त्यांचाच फोन. "ताई, आत पाणी गेलंय. चहाबिहा सांडला होता का? घरात लहान मूल आहे का?" लिक्विड डॅमेज वॉरंटीत बसत नाही, मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बदलायला लागेल, साडेएकवीस हजार. मी म्हटलं, बोर्ड दाखवा. आत ग्राहकाला सोडत नाहीत म्हणे. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला: कोपऱ्यात हिरवट बुरशीसारखं काहीतरी. मी दोन रात्री नीट झोपले नाही. खरंच कधी सांडलं का, हेच आठवत बसले. शेवटी भाच्यानं तो फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, मावशी, ह्या बोर्डाला दोन पंखे आहेत. तुझ्या लॅपटॉपला एकच आहे.

हे मी फोनवर सांगितल्यावर पलीकडे क्षणभर शांतता. मग "सिनियरशी बोलतो." दुसऱ्या दिवशी गोड बातमी: "ताई, तुमच्यासाठी खास कंपनीशी बोलून वॉरंटीत बसवलं. एक रुपया द्यायचा नाही."

खरी फसले ती इथं. आधी साडेएकवीस हजारांची भीती घातली आणि मग ती काढून घेतली. काढून घेतल्याचे उपकार मी मानले, मूर्खासारखे. सव्वीसाव्या दिवशी लॅपटॉप घ्यायला गेले तेव्हा अर्धा किलो पेढे नेले होते! पोरानं स्क्रीन लावून दाखवली, लख्ख. "विंडोज नव्यानं टाकलंय ताई. तेवढा मोबाइलवर आलेला हॅपी कोड सांगा." सांगितला. हा कोड दिला की कंपनीच्या दप्तरी तक्रार 'ग्राहक समाधानी' म्हणून बंद होते, हे मला नंतर कळलं. रिपोर्टवर लिहिलं होतं: डिस्प्ले केबल बदलली. सव्वीस दिवस, एक केबल.

घरी येऊन कोरलड्रॉ, म्हणजे पत्रिका करायचं सॉफ्टवेअर, उघडलं तर ते रांगायला लागलं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी, म्हणजे रॅम, सोळाच्या जागी आठ जीबी. भाच्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. फायली जिच्यात राहतात ती डिस्क किती तास चालली आहे ते त्यात दिसतं. आत बसवलेली डिस्क १४,२०६ तास चालली होती. आम्ही कागदावर हिशेब केला. तेरा महिन्यांत लॅपटॉप एकदाही बंद केला नसता तरी साडेनऊ हजार तासच भरले असते. म्हणजे मी लॅपटॉप घ्यायच्या आधीपासून ही डिस्क दुसऱ्या कुणाकडे तरी चालत होती.

सेंटरवर गेले तर उत्तर तयार. "तुम्ही आणलात तेव्हा हेच होतं. जॉबशीट बघा." त्यातला तो कोरा रकाना. वर "तुम्हीच समाधानी म्हणून कोड दिलाय."

मग १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता येतं, तक्रारीचा क्रमांक मिळतो. अकरा दिवसांत कंपनीकडून माणूस आला आणि रॅम परत सोळा करून गेला, कारण बिलावर सोळा छापलं होतं. डिस्कचं मात्र बिलावर फक्त माप असतं, नंबर नाही. मापाला डिस्क बरोबरच आहे, म्हणून तिथं हात वर.

मधेच त्यांनी एक पिल्लू सोडलं: लॅपटॉप धंद्यासाठी वापरता, म्हणजे तुम्ही कायद्यानं ग्राहकच नाही. ह्याला घाबरू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात मोजत नाहीत. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. मी कागद लावून ठेवलेत: बिल, जॉबशीट, दोन पंख्यांचा तो फोटो, तासांचा स्क्रीनशॉट.

आता कुठलंही यंत्र दुरुस्तीला देताना आधी घरी डिस्क आणि रॅमच्या नंबरांचे फोटो काढते. रकाना माझ्या पेनानं भरते. पोरं म्हणतात, "ताई, हे कुणी लिहीत नाही." परत घेताना तिथंच बाकड्यावर बसून सगळं तपासते आणि कोड त्यानंतर. मागची माणसं वैतागतात, वैतागोत.

ऑगस्टपर्यंतच्या फायली माझ्याकडे बाहेरच्या डिस्कवर होत्या, त्यानंतरचं सगळं गेलं. काम पुन्हा करता येईल. पण त्या पत्रिकांमध्ये घरांचे पत्ते होते, मोबाइल नंबर होते, मुलींचे फोटो होते. माझी ती मूळ डिस्क आज कुणाच्या लॅपटॉपमध्ये आहे, हे मी लेखी विचारलंय. तीनदा.