लकव्यानंतर हातपाय आणि मन: बडोद्यात एस.एस.जी. रुग्णालय आणि १४४१६ हेल्पलाइन कितपत उपयोगी?

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या घरांना एस.एस.जी. म्हणजे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल जवळचं. फिजिओथेरपीचं कॉलेज आणि मनोविकार विभाग, दोन्ही तिथेच. लकवा झालेल्या माणसासाठी ही शहरातली सगळ्यात मोलाची सोय आहे, आणि ती पुरी वापरली जात नाही याचं वाईट वाटतं. घरची माणसं फिजिओथेरपीला आणतात, मनोविकार विभागाकडे वळत नाहीत. पक्षाघातातून वाचलेल्या दर तिघांपैकी साधारण एकाला नैराश्य येतं. घरात मात्र "अप्पा आळशीपणा करतात, व्यायामच करत नाहीत" एवढंच बोललं जातं. झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली, बोलता बोलता रडू येणं, असं दोन आठवडे चाललं तर फिजिओथेरपिस्टला सांगा आणि मनोविकार विभागासाठी चिठ्ठी मागून घ्या. औषध सुरू झालं तर फरक दिसायला दोनपासून चार आठवडे लागतात. आठ दिवसांत "गुण नाही" म्हणून गोळी बंद करू नका.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणून हा काळ रांगेच्या कंटाळ्यात घालवू नये. कॉलेज असल्यामुळे शिकणारी मुलं-मुली व्यायाम करून घेतात आणि ती सारखी बदलत राहतात. त्यावर उपाय सोपा: एक वही ठेवा. कोणता व्यायाम, किती वेळा, कुठे दुखलं, हे रोज लिहा आणि नवीन येणाऱ्याला आधी तीच वही दाखवा.

खांद्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण नुकसान बहुतेक घरीच होतं. लकव्याच्या बाजूचे स्नायू सैल पडलेले असतात, खांद्याचा सांधा नुसता लोंबकळत असतो. पलंगावरून उठवताना तोच हात धरून ओढला की सांधा खाली सरकतो, आणि मग जे दुखणं लागतं त्यामुळे माणूस हाताला स्पर्शही करू देत नाही. उठवताना कमरेला किंवा कमरपट्ट्याला धरा, बसल्यावर हात उशीवर टेकवा. दारावर दोरी-कप्पी टांगून तो हात डोक्यावर खेचायचा व्यायाम कुणी सांगितला तर स्पष्ट नाही म्हणा.

खासगी ठिकाणी पहिला प्रश्न पदवीचा. फिजिओथेरपिस्टची किमान पदवी बी.पी.टी., शिवाय गुजरात राज्य फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आर.सी.आय.चा, नोंदणी क्रमांक असतो, तो बेधडक विचारावा. गोळ्या मात्र सायकॉलॉजिस्ट नाही, मनोविकारतज्ज्ञासारखे डॉक्टरच लिहून देऊ शकतात. नुसतं मशीन लावून वीस मिनिटांत घरी पाठवणाऱ्याकडे पैसे घालवू नका. शेक आणि करंट यांनी दुखणं थोडं कमी होईल, पण चालणं परत येतं ते उठ-बस, तोल आणि पाऊल टाकण्याच्या सरावाने.

टेलिमानस, १४४१६. मानसिक आरोग्यासाठीची फोन हेल्पलाइन: सरकारी, फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडल्यास पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. वाचा गेलेल्या रुग्णाला फोन काय कामाचा? खरा उपयोग त्याची सेवा करणाऱ्या सुनेला, बायकोला, मुलाला. रात्री दोनदा कूस बदलून देणाऱ्या बाईला ऐकणारं कुणी हवं असतं, आणि गुजराती उत्तम येत असलं तरी रडू मराठीतच येतं. भाषा निवडताना मराठीचं बटण दाबायला विसरू नका.

कारेलीबागेतलं मानसिक आरोग्य रुग्णालय म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते. आजार गंभीर असेल, भास होत असतील किंवा जिवाला धोका वाटत असेल, तर कुजबुजीसाठी थांबू नका, सरळ जा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. जाताना चालू औषधांच्या पट्ट्या आणि मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती पहिल्यांदा सांगा, कारण नैराश्याच्या काही गोळ्या तिच्यासोबत घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो.