गावठी टोमॅटोचं बी की हायब्रीड रोप?

वहिनी, खानापूरच्या परसात काय लावू, असं विचारलंत.

खर्चात गावठी सरस. टोमॅटोचं परागीभवन बहुतेक त्याच फुलात होतं, म्हणून बी पुढच्या वर्षी तसंच उतरतं. पिकल्या फळाचा गर दोन-तीन दिवस आंबवा. बियांवरचा बुळबुळीत थर सुटला की धुऊन सावलीत वाळवा. हायब्रीड म्हणजे दोन जातींचा संकर; त्याचं बी धरलं तर फळं नाना तऱ्हेची येतात, रोपं दरवर्षी विकतच.

मेहनत गावठीला जास्त. रोप लावणीजोगं व्हायला 25-30 दिवस जातात. पावसात करपा, म्हणजे पानं करपवणारा रोग, दोन्हींना गाठतो. गावठीची साल पातळ, पटकन तडकते. हायब्रीड टणक, बेळगावच्या बाजारापर्यंत टिकतं. सार मात्र गावठीचंच!

विकायचं असेल तर हायब्रीड घ्या. घरापुरतं हवं असेल तर पाऊस ओसरताच गावठी बी टाका.