शनेल नंबर ५ : आठ महिने, अर्धी बाटली आणि एकच शब्द – साबण

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईंनी मला अगदी आदबीने विचारले, “तुम्ही कोणता साबण वापरता हो?” मी नुसती हसले. खरे उत्तर त्यांना पटले नसते आणि ते उच्चारताना मलाच क्लेश झाले असते. आठ महिन्यांत हा शब्द मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याचा राग येत नाही, मात्र त्याचा छडा लावल्याशिवाय राहवतही नाही. त्याच संध्याकाळी बाटली उजेडात धरून पाहिली तेव्हा ती बरोबर निम्मी झालेली दिसली, आणि एवढ्या वापरानंतर मत लिहायला हरकत नाही असे वाटले.

माझ्याकडे आहे ते शनेल नंबर ५ या सुगंधाचे ओ द पार्फम, म्हणजे मूळ अर्काहून सौम्य असा प्रकार, ५० मिलिलिटरचे, फवाऱ्याच्या बाटलीत. १९२१ साल, गाब्रिएल शनेल ही फ्रेंच वेशभूषाकार, अर्नेस्ट बो हा अत्तरकार, त्याने पुढे ठेवलेले १ ते ५ आणि २० ते २४ क्रमांकांचे नमुने आणि त्यांतून निवडला गेलेला पाचवा, ही कथा वाचकांना ठाऊक असेलच. झोपताना काय घालता, या प्रश्नाला मॅरिलिन मनरोने दिलेले ते १९५२ सालचे प्रसिद्ध उत्तरही मी इथे पुन्हा सांगत नाही. माझा विषय त्याहून बराच लहान आहे : हा सुगंध लावून चारचौघांत वावरले की काय होते.

सुरुवात भांडणाने झाली. घेण्यापूर्वी मी दुकानात कागदी पट्टीवर वास घेतला होता आणि तो मला फार आवडला होता. हलका, संत्र्याच्या सालीसारखा तजेलदार, फुलांचा पण कुठेही अंगावर न येणारा. घरी येऊन खोके उघडले, मनगटावर एक फवारा मारला आणि मी दचकलेच. आधी नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा धूर, मग तापलेल्या इस्त्रीखालचे ओलसर कापड, आणि त्या दोहोंच्या मागून नवा कोरा साबण. नाकात अक्षरशः झिणझिण्या आल्या. माल नकली तरी आहे किंवा जुना होऊन बिघडलेला तरी, अशी माझी खात्री झाली. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन दुकानात गेले, तर विक्रेत्याने “उघडलेली बाटली परत होत नाही” हे एकच वाक्य चार वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. मीही काही कमी बोलले नाही. पाऊण तास वाद घालून मी हात हलवत, म्हणजे तीच बाटली हातात घेऊन, परत आले.

खरा घोटाळा मला तीन आठवड्यांनी कळला. दुसरीकडे एका दुकानात या सुगंधाचे सगळे प्रकार ओळीने मांडलेले होते आणि तिथल्या मुलीने न मागता मला चार पट्ट्या दिल्या. मी मुळात ज्याच्या प्रेमात पडले होते, ते होते नंबर ५ लो, म्हणजे ऑलिव्हिए पोल्ज यांनी २०१६ साली केलेली हलकी आवृत्ती. आणि मला विकले गेले होते ते त्यांचे वडील जाक पोल्ज यांनी १९८६ मध्ये तयार केलेले ओ द पार्फम, जे अधिक दाट, अधिक गोडसर आणि सुरुवातीला बरेच खणखणीत आहे. बाटलीचा आकार एकच, झाकण एकच, नावातला आकडाही एकच. माझ्या बाटलीत काहीही खोट नव्हती. तिथली ओ द पार्फमची पट्टी माझ्या मनगटावरच्या वासाशी ताडून पाहिली तर दोन्ही वास तंतोतंत जुळले. पहिल्या विक्रेत्याने पट्टी एकाची दिली आणि खोके दुसऱ्याचे बांधले, एवढेच झाले होते. तेव्हा मालाबद्दल तो खरा होता आणि व्यवहारात चुकलेला होता, हे मी आज मान्य करते. त्याच्या बोलण्याच्या पद्धतीबद्दल मात्र माझे मत तसूभरही बदललेले नाही.

बाटली परत जाणार नाही आणि टाकून देणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी वापरायला लागले. हिशेबाची सवय असल्याने एका वहीत प्रत्येक फवाऱ्याची रेघ मारत गेले. अशा बाटलीचा एक फवारा साधारण एक दशांश मिलिलिटरचा धरतात, म्हणजे पन्नास मिलिलिटरमध्ये सुमारे पाचशे फवारे. आठवड्यातून सरासरी चार वेळा, दर वेळी दोन फवारे, असे आठ महिन्यांत २७० झाले आणि बाटली निम्मी झाली. हिशेब जवळपास जुळला. या वहीची घरात बरीच थट्टा झाली. पण पुढे जे लक्षात आले ते या वहीमुळेच, कारण रेघांच्या शेजारी मी लोक काय म्हणाले तेही टिपत होते.

पहिले दोन महिने वहीत ‘साबण’ हाच शब्द सर्वाधिक वेळा आहे. कार्यालयातल्या सहकारी म्हणाल्या, “आत्ताच अंघोळ करून आलीस का?” धाकटी बहीण म्हणाली, “महागड्या हॉटेलातल्या साबणाची वडी.” एका मित्राने तर कपडे धुण्याच्या पावडरीचे नाव घेतले आणि ते मी त्याला अजून माफ केलेले नाही. कुणीही वाईट म्हटले नव्हते, हेही नोंदवायला हवे. साबण हा शब्द सगळ्यांनी कौतुकानेच वापरला होता. पण एखादीने कष्टाने विणलेली शाल पांघरून जावे आणि पाहणाऱ्याने टॉवेल छान आहे म्हणावे, तसे मला होत होते.

साबण का, याचे उत्तर अल्डिहाइड या रसायनांत आहे. दहा, अकरा आणि बारा कार्बन अणूंच्या साखळीची ही अल्डिहाइडे बो यांनी चमेली, गुलाब आणि इलांग-इलांग यांच्या जड, गोड मिश्रणात अशा मात्रेत घातली की फुले ओळखू येण्याऐवजी चमकू लागली. अल्डिहाइडे वापरणारे ते पहिले नव्हेत. उबिगां या घराण्याच्या १९१२ सालच्या केल्क फ्लर या सुगंधातही ती होती. पण या मात्रेत वापरून त्यांनी त्यांनाच सुगंधाचा चेहरा करून टाकले. शनेलला एखाद्या फुलाची नक्कल नकोच होती. कपडा जसा बेतून शिवतात तसा रचलेला सुगंध तिला हवा होता. साहाय्यकाच्या हातून मात्रा चुकून जास्त पडली अशी एक दंतकथा सांगतात. मला ती पटत नाही, कारण चुकून पडलेली गोष्ट इतकी तोललेली नसते.

पुढे काय झाले असेल ते उघड आहे. हा सुगंध गाजल्यावर त्याच्या धर्तीवर असंख्य सुगंध निघाले आणि अल्डिहाइडे स्वस्त असल्यामुळे, शिवाय चरबीचा मूळ वास झाकण्यात ती तरबेज असल्यामुळे, साबण, पावडरी आणि धुलाईच्या मालातही ती सर्रास शिरली. ‘स्वच्छ’ म्हणून आपण जो वास ओळखायला शिकलो तो बऱ्याच अंशी याच रेणूंचा आहे. म्हणजे साबणाला नंबर ५ चा वास येत होता, पण आपण साबण आधी हुंगला असल्याने आरोप मात्र नंबर ५ वर आला. मूळ चिजेवर तिच्याच नकलांची नक्कल केल्याचा ठपका यावा, हे मला अन्यायाचे वाटते. माझ्या मित्राला मी हे सगळे सविस्तर समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा त्याच पावडरीचे नाव घेतले.

माझे दुसरे गाऱ्हाणे टिकण्याबद्दल होते, आणि तिथे मला शब्द गिळावे लागले आहेत. चौथ्या महिन्यात वहीत मी चिडून लिहिले आहे : ‘तासाभरात गायब. एवढ्या नावाला हे शोभत नाही.’ त्याच आठवड्यात त्याच सहकारी संध्याकाळी निघताना माझ्या खुर्चीजवळ थांबून म्हणाल्या, “सकाळी साबण वाटला होता, पण आत्ता हे काय लावलंयस? फार सुरेख आहे.” मी सकाळनंतर काहीही लावले नव्हते. घरी आल्यावर गळ्यातला स्कार्फ दाराच्या खुंटीला अडकवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या नाकाने हुंगला, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की आपण नेमके काय विकत घेतले आहे. साबणाचा मागमूसही नव्हता. चंदन, किंचित व्हॅनिला, खाली वाळ्याची मातकट ओल, आणि त्यांवर फुलांचा असा काही थर की त्यात गुलाब कुठे संपतो आणि चमेली कुठे सुरू होते ते सांगता येत नव्हते.

नाक सततच्या वासाला सरावते आणि त्याची दखल घेणे सोडून देते. स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही तो याच कारणाने. मला एका तासात ‘गायब’ झालेला सुगंध इतरांना दिवसभर येत होता, आणि मी मात्र दुपारी पुन्हा दोन फवारे मारून त्यांच्यावर साबणाचा ताजा मारा करत होते. सगळ्यांना साबणच का आठवत होता, याचे निम्मे उत्तर माझ्या या पुन्हा लावण्यात होते. तेव्हापासून मी बाहेर पडण्याच्या अर्धा तास आधी, छातीवर आणि मानेच्या मागे, दोनच फवारे मारते. मनगटावर मारत नाही, कारण हात धुताना ते वाहून जाते आणि वाया गेलेला फवारा माझ्या वहीत फार वाईट दिसतो. अल्डिहाइडांचा सुरुवातीचा गोंगाट घरातच ओसरतो आणि लोकांपर्यंत पोचते ते त्यानंतरचे. हा बदल केल्यावर वहीतला ‘साबण’ झपाट्याने कमी झाला.

त्याच्या जागी दुसरे शब्द आले, आणि तेही सगळे गोड नव्हते. आईने मान वळवून म्हटले, “जुनं कपाट उघडल्यासारखं वाटतंय, डांबरगोळ्यांचं.” मी दुखावले, पण आईचे नाक पक्के आहे. खऱ्या चमेलीच्या अर्कात इंडोल नावाचा घटक असतो. तो जास्त एकवटला तर त्याला डांबरगोळ्यांसारखाच दर्प येतो, आणि थोडा असला तर फूल जिवंत वाटते. तो मुळीच नसलेल्या चमेलीला मला तरी प्लास्टिकच्या फुलाची कळा येते. या सुगंधाची चमेली दक्षिण फ्रान्समधल्या ज्या ग्रास परिसराशी जोडलेली आहे, तिथे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात भल्या पहाटे ती हाताने खुडतात आणि मे महिन्यात शतपत्री गुलाब काढतात. १९८७ पासून शनेलचा तिथल्या पेगोमा गावातल्या एका शेतकरी कुटुंबाशी करार आहे. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “फुलं चांगली असतील गं, कपाट जुनं आहे.” यावर मला आजही उत्तर सुचलेले नाही.

बहिणीची तऱ्हा आणखी निराळी. तिला सकाळचा साबण येतो, दुपारची फुले येतात, पण संध्याकाळी माझ्या अंगाला काहीही येत नाही असे ती शपथेवर सांगते, त्याच वेळी शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याला दरवळ येत असतो. काही विशिष्ट कस्तुरी-रेणूंचा वास अनेकांना जन्मतःच येत नाही, आणि अशा सुगंधांचा तळ बऱ्याचदा त्याच रेणूंवर उभा असतो. तेव्हा ‘टिकत नाही’ असे कुणी लिहिलेले वाचाल तेव्हा लिहिणाऱ्याची बाटली आणि लिहिणाऱ्याचे नाक, दोन्हींचा विचार करा. माझ्या चौथ्या महिन्यातल्या नोंदीलाही हेच लागू आहे. ती मी खोडलेली नाही, तिच्यापुढे फक्त प्रश्नचिन्ह काढले आहे.

एक चूक पूर्णपणे माझी. बाटली दिसायला इतकी नेटकी आहे की मी ती महिनाभर खिडकीच्या कट्ट्यावर, सरळ उन्हात ठेवली होती. अल्डिहाइडे आणि लिंबूवर्गीय घटक उष्णतेने आणि उजेडाने सर्वांत आधी बिघडतात. सुरुवातीची ती संत्र्याच्या सालीची धार किंचित बोथट झाल्याचे मला जाणवते, आणि जिच्यावर मी इतके महिने चिडले होते त्याच धारेची आता हळहळ वाटते. सध्या बाटली खोक्यात, खोके कपाटात. हो, जुन्याच.

पुन्हा घेईन का? ओ द पार्फम बहुधा नाही, कारण उरलेले सव्वादोनशे फवारे आताच्या बेताने सहा-सात महिने पुरतील आणि तोवर घेण्याचा प्रश्नच येत नाही. ज्यांना पट्टीवरची पहिली पाच मिनिटेच आवडतात त्यांनी सरळ लो घ्यावे आणि खोक्यावरचे नाव दोनदा वाचावे. मला स्वतःला आता ओढ आहे ती मूळ अर्काची, ७.५ मिलिलिटरच्या छोट्या कुपीची, जिच्या बुचावर पातळ पडदा ताणून वर काळा दोरा हाताने बांधतात. एका दुकानात तिचा एक थेंब मानेवर लावून घेतला होता. त्यात गुलाब आणि चमेली आधी येतात, अल्डिहाइडे मागाहून आणि दबक्या पावलांनी, आणि त्या दिवशी भेटलेल्यांपैकी कुणालाही साबण आठवला नाही. अडचण एवढीच आहे की तिला फवारा नाही, बोटाने लावायचा. मग वहीत रेघ नेमकी कशाची मारायची हे ठरेपर्यंत मी थांबले आहे.