इंजिनाचा दम अचानक तुटला तर आधी काय घ्यावे: कॉम्प्रेशन गेज की लीक-डाउन टेस्टर?

घरच्या घरी सांभाळलेली स्पोर्ट्स कार चालता चालता एकाएकी दम टाकते, तेव्हा हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उघडायचे की नाही हे ठरवण्याआधी मालकाच्या हाती निदान एक तरी भरवशाचे मोजमाप असले पाहिजे. त्यासाठी दोन उपकरणे सहज मिळतात, कॉम्प्रेशन गेज आणि लीक-डाउन टेस्टर, आणि पहिल्यांदा कोणते घ्यावे असा प्रश्न पडलेल्यांसाठी हा आढावा आहे. उदाहरण म्हणून मी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतो, कारण इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून तीच गाडी मी स्वतःच्या हाताने दुरुस्त करत आलो आहे. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे १७९८ सीसीचे बी-सीरीज इंजिन साधे असले, तरी निदान करणाऱ्याला चकवण्याची एक जागा त्यात आहे आणि या दोन उपकरणांमधला फरक नेमका तिथेच कळतो.

माझ्या गाडीचा प्रकार असा झाला. डर्बीशायरमधल्या एका लांब चढावर इंजिनाची ताकद अचानक कमी झाली, गाडी थरथरू लागली आणि सायलेन्सरमधून ठराविक अंतराने फुसका आवाज येऊ लागला. इंजिन बंद पडले नाही, पण चारपैकी तीनच सिलिंडर काम करत आहेत हे कानाला स्पष्ट कळत होते. अशा वेळी पेट्रोल आणि स्पार्क तपासणे हे पहिले काम असते आणि ते मी रस्त्याच्या कडेलाच उरकले. चारही प्लगांवर ठिणगी येत होती, त्यामुळे दोष इंजिनाच्या आत आहे हे उघड झाले.

पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते कॉम्प्रेशन गेज मोजते. ते स्वस्त असते आणि त्याला बॅटरीखेरीज काही लागत नाही. इंजिन गरम असताना चारही प्लग काढावेत, इग्निशन कॉइलची तार सोडवावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टरने इंजिन पाच-सहा वेळा फिरवून प्रत्येक सिलिंडरचा आकडा टिपून घ्यावा. ॲक्सिलरेटर दाबायचे राहिले तर पुरेशी हवा आत जात नाही, सगळे आकडे खाली येतात आणि चांगल्या इंजिनालाही माणूस म्हातारे ठरवून मोकळा होतो. इथे एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातील तफावत महत्त्वाची असते. माझ्या गाडीत १५०, १४५, ५५ आणि १५० पीएसआय (दाबाचे एकक) असे आकडे मिळाले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले, तरी आकडा जेमतेम हलला. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलाने फट तात्पुरती बुजून तो बराच वर गेला असता. तेव्हा दोष व्हॉल्व्हचा (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचा) किंवा हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा), इथवर हे उपकरण पोहोचवते. कोणता सिलिंडर, हे ते खात्रीने सांगते. हवा कुठून निसटते, हे मात्र सांगू शकत नाही.

लीक-डाउन टेस्टर त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या अगदी वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा सोडायची आणि ती कुठून बाहेर पडते ते ऐकायचे. सायलेन्सरमध्ये सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमध्ये आला तर इनलेट व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडाशी आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा चिरलेले हेड. १०० पीएसआय आत सोडून दुसऱ्या डायलवर ९० दिसले, तर गळती १० टक्के समजायची. यासाठी एअर कॉम्प्रेसर लागतो, वेळ जास्त जातो आणि एक धोकाही आहे. ८०.२६ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर १०० पीएसआय म्हणजे सुमारे ३५५ किलो वजनाइतका जोर येतो. पिस्टन टोकापासून जरासा जरी सरकलेला असेल तरी क्रँक झटक्याने फिरतो, म्हणून पुलीच्या नटावर पाना कधीही ठेवू नये.

आता ती चकवणारी जागा. बी-सीरीजच्या हेडमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरला मिळून एकच एक्झॉस्ट पोर्ट (जळलेला वायू बाहेर जाण्याची वाट) आहे. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असल्यामुळे तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो तेव्हा दुसराही वरच असतो, पण त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. परिणामी तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून निसटलेली हवा सायलेन्सरकडे जाते, तशीच सामाईक पोर्टमधून दुसऱ्या सिलिंडरमध्ये शिरून त्याच्या प्लगच्या भोकातूनही बाहेर येते. शेजारच्या भोकातून हवा येणे ही तर दोन सिलिंडरांच्या मधले गॅस्केट उडाल्याची पुस्तकी खूण! त्या दिवशी मी दुसऱ्या भोकावर बोट धरले तेव्हा गार हवेचा झोत स्पष्ट लागत होता, आणि हाती केवळ लीक-डाउन टेस्टर असता तर मी नवे गॅस्केट मागवून मोकळा झालो असतो. मला अडवले ते कॉम्प्रेशनच्या कागदाने. मधले गॅस्केट उडाले असते तर दोन्ही शेजारी सिलिंडर खाली आले असते, इथे मात्र दुसऱ्याचा आकडा १४५ होता. म्हणजे गॅस्केट शाबूत होते आणि तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेला होता.

याच कारणासाठी माझा कौल स्पष्टपणे कॉम्प्रेशन गेजला आहे. एकच उपकरण घेणे परवडत असेल तर तेच घ्यावे, आणि घरात आधीपासून कॉम्प्रेसर असेल तरच लीक-डाउन टेस्टरचा विचार करावा. ज्या इंजिनांमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोर्ट असतात तिथे लीक-डाउनचा निकाल अधिक सरळ मिळतो, आणि हेड काढणे जिथे दोन-दोन दिवसांचे काम असते अशा गाडीसाठी त्यावर केलेला खर्च योग्यच ठरतो. एमजीबीचे हेड मात्र घरी एका दिवसात निघते.

या दोन्हींच्या आधी फीलर गेज (बारीक फट मोजण्याची पातळ पाती) हातात घ्यावे, हे मला उशिरा उमगले. शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००० पासून बंद झाली, भारतातही त्याच वर्षी फेब्रुवारीपासून. जुन्या हेडमधील एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेला) त्या शिशाचे संरक्षण असे. ते गेल्यावर सीट हळूहळू खचते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि ०.३८ मिलिमीटरचे टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) आवाज न करता आटत जाते. क्लिअरन्स पुरते संपले की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, सीटमार्फत त्याची उष्णता निघून जात नाही आणि कड जळते. माझ्या वहीतील टॅपेटची शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची होती, आणि ही चूक सर्वस्वी माझी होती. रॉकर कव्हर काढून पाचव्या व्हॉल्व्हवर, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर, फीलर गेज लावले, तेव्हा सगळ्यात पातळ पातेदेखील आत शिरले नाही. हेड काढल्यावर त्या व्हॉल्व्हच्या कडेला करंगळीच्या नखाएवढा तुकडा जळून गेलेला दिसला. आता त्या हेडमध्ये चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कठीण धातूच्या सीट बसवून घेतल्या आहेत, आणि टॅपेटची नोंद दर तीन हजार मैलांनी होते.