ओट्यामागची फट : ग्राउट की सिलिकॉन? एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या घराचं स्वयंपाकघर नवं केलं. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, मागे क्रीम रंगाच्या चकचकीत टाइल्स. टाइल्स पसंत करायला अख्खं घर दुकानात हजर होतं. मधल्या फटींत काय भरायचं, हा विषय मात्र कुणी काढला नाही, आणि रोज फडकं घेऊन आपण ज्यांच्याशी झगडतो त्या याच फटी. आता उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीची साफसफाई, सगळं पार पडलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

निकाल आधी सांगते. टाइल आणि टाइलच्या मध्ये ग्राउट, म्हणजे फटींत भरायचं, वाळून कडक होणारं मिश्रण. भिंत ओट्याला जिथे टेकते ती रेघ, सिंकची कड आणि दोन भिंतींचा कोपरा, इथे सिलिकॉन, म्हणजे ट्यूबमधून भरायचं, वाळूनही लवचिक राहणारं सीलंट.

मिस्त्रींचं म्हणणं होतं, "ताई, सगळीकडे व्हाइट सिमेंट भरून देतो, दगडासारखं बसतं." बसतं दगडासारखंच, आणि दुखणं तेच आहे. भिंत आणि ओटा एकसंध नसतात. ओटा कडप्प्याच्या उभ्या आधारांवर बसलेला, त्यावर भरलेली पातेली, मिक्सरची थरथर, सणावारी आपटलेला नारळ. भिंत आपली स्वतंत्र. तापमान आणि ओल यांनीही दोन्ही आपापल्या परीने किंचित हलतात. सिमेंटला ताणलं जाणं माहीतच नाही, त्यामुळे केसाएवढी चीर पडते. त्यातून पाणी मागे जातं, मग मुंग्या, मग झुरळांची पिल्लं. जुन्या ओट्याला दर दिवाळीआधी व्हाइट सिमेंटचा हात मारायचो आणि होळीपर्यंत चीर परत हजर. सिलिकॉन रबरासारखं ताणतं, दबतं आणि दोन्ही बाजू धरून ठेवतं. यंदा तिथे एकही चीर नाही.

दुकानात नुसतं "सीलंट द्या" म्हणू नका. ॲक्रिलिक सीलंट स्वस्त असतं, त्यावर रंग बसतो, दाराच्या चौकटीच्या भेगांना ते उत्तम. पण वाळताना आक्रसतं आणि सतत पाण्याच्या जागी टिकत नाही. सिलिकॉनमध्येही दोन प्रकार: ॲसेटिक, ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, आणि न्यूट्रल. ओटा संगमरवरी असेल तर ॲसेटिक टाळाच, त्यातल्या आम्लाने दगड खराब होऊ शकतो. आमचा ग्रॅनाइट असूनही मी न्यूट्रलच आणलं. रंग राखाडी. पांढऱ्यावर हळद दिसते, पारदर्शकच्या आतून मागचा मळ दिसतो.

भरताना फट कोरडीठाक हवी. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, ट्यूब दाबायच्या गनने एका दमात रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ती दाबायची आणि ओली असतानाच टेप ओढायची. पुढे निदान २४ तास पाणी नाही. (त्या रात्रीचं जेवण बाहेरून आलं, त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती.) फट रुंद आणि खोल असेल तर आधी आत फोमची गोल दोरी दाबून घ्या, नाहीतर अख्खी ट्यूब आतच गडप होते.

आता ग्राउट. आमच्या फटी बारीक, ३ मिलिमीटरच्या आतल्या, म्हणून बिनरेतीचं. रेतीवाल्याने चकचकीत टाइलवर चरे उठू शकतात. गॅसमागे इपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट) आणि बाकी भिंतींना साधं सिमेंटचं, असं वाटून घेतलं, कारण इपॉक्सी कितीतरी महाग पडतं. फरक फोडणीच्या पहिल्या आठवड्यातच कळला. सिमेंटचं ग्राउट तेल-हळद पिऊन टाकतं. मिक्सरच्या बाजूचा पट्टा आता कायमचा पिवळसर आहे. इपॉक्सीवरचे शिंतोडे ओल्या फडक्याने जातात, फक्त रात्रभर ठेवू नका.

पण इपॉक्सी लावणं हे सरावलेल्या हाताचं काम. दोन भाग कालवले की घड्याळ सुरू होतं, उकाड्यात तर आणखी लवकर घट्ट होतं. टाइलवर पसरलेला थर तेव्हाच पुसला नाही तर मग निघत नाही. आमच्याकडे खिडकीजवळ असा एक धुरकट पट्टा राहिला आहे. उजेड तिरका आला की तो दिसतो आणि मला मिस्त्री आठवतात.

सिलिकॉनही निर्दोष नाही. श्रावणात नळाच्या मागे काळे ठिपके आले. साबणाचा आणि अन्नाचा पातळ थर तिथे ओलाच राहतो, त्यावर बुरशी धरते. बुरशीरोधक सिलिकॉन असूनही आले, कदाचित उशिरा आले एवढंच. वरवरचे घासून गेले, एक-दोन आत मुरलेत. तेवढा तुकडा ब्लेडने कापून नवं भरावं लागेल, आणि जुनं पूर्ण खरवडून, कारण सिलिकॉनवर सिलिकॉन नीट चिकटत नाही. आता रात्री भांडी झाली की ती कड कोरडी पुसते. ठिपके वाढलेले नाहीत.

ओट्यात बसवलेल्या गॅसच्या कडेला मात्र सिलिकॉन भरू देऊ नका, दुरुस्तीवाला तो उचलणार कसा? आणि ट्यूब घेताना तारीख बघा. उरलेली अर्धी ट्यूब मी तोंड बंद करून माळ्यावर ठेवली होती, ती आतल्या आत घट्ट झाली, त्यामुळे नळामागच्या तुकड्यासाठी नवीनच आणावी लागणार.